गुरुवारचं गाऱ्हाणं

"बा देवा म्हाराजाऽऽ…"

आजोबांचा तो आवाज अजून कानात आहे. विक्रोळीच्या आमच्या चाळीत गणपतीपुढे हात जोडून ते गाऱ्हाणं घालायचे. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचा ताप, सगळं देवाच्या पायाशी. आणि प्रत्येक मागण्यावर अख्खी चाळ एका सुरात म्हणायची, "व्हय म्हाराजा!" मला वाटायचं, एवढ्या जणांनी होकार दिल्यावर नाही म्हणायची देवाची काय बिशाद!

मग आजोबा गेले. बारावीत मला नशेच्या गोळ्यांची सवय लागली… आणि मी मागणंच विसरले.

व्यसनमुक्ती केंद्रातून निघताना समुपदेशक नलिनीताईंनी बजावलं होतं, "सुलक्षणा, कॉलेज बघताना नाव बघू नकोस. तोल गेला तर धरणारं कुणी आहे का, ते बघ. आणि हो, पहिलं वर्ष प्रेमाबिमाच्या वाटेला जायचं नाही हं!"

प्रेम कसलं नि काय! अंधेरीच्या कॉलेजात मी खरं सांगितलं, तर खिडकीतल्या बाई माझ्याऐवजी आईकडेच बघत राहिल्या. घाटकोपरला म्हणाले, "आमच्याकडे असली मुलं नसतात."

मुलुंडला पोचले तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती, डोंगर ढगांत अर्धा विरघळलेला. फाटकाशी एक मुलगा चहाची किटली घेऊन चालला होता.

"ऑफिस कुठंय?"

"बंद झालं. चहा चालू आहे."

"मला चहा नकोय, ॲडमिशन हवीय."

"कशाला?"

मी इतकी थकले होते, की तोंडातून निघूनच गेलं, "जिथे गोळ्या सोडलेल्या मुलीला बसू देतील ना, त्याला!"

तो दचकला नाही. किटली फक्त दुसऱ्या हातात घेतली. "मग बरोबर आलीस. माझी दारू होती. मी देवेश, इथेच शिकतो. चल वर… आज गुरुवार आहे."

वरच्या खोलीत आमच्यासारखेच, व्यसन सोडलेले सात-आठ जण गोल करून बसलेले. एक जण म्हणत होता, "काल नाक्यावर न थांबता घरी गेलो. उद्याही जाऊ दे."

"व्हय म्हाराजा!" खोली म्हणाली.

मी चमकून देवेशकडे बघितलं.

"मीच सुरू केलं, कणकवलीवाला ना मी," देवेश कुजबुजला. "टाळ्या वाजवल्या की बक्षीस समारंभ वाटतो. हे कसं… गाव पाठीशी उभं असल्यासारखं."

मी तिथेच प्रवेश घेतला.

गुरुवार येत राहिले. मी सगळ्यांना होकार द्यायची, स्वतः मात्र गप्प.

"मौनव्रत आहे का गं?" देवेश विचारायचा.

"तुझी बडबड थांबली तर बोलेन ना."

"मग वाट लागली! शिमग्याला गावी जाईन, तोवर थांब."

पहिला कप तो मलाच द्यायचा. नजर भिडली, की किटलीत काहीतरी शोधायचा. रस्त्याच्या वळणापर्यंत सोबत यायचा नि तिथेच थबकायचा… "चल, ये." बस्स! हा काय आयुष्यभर नुसता चहाच पाजणार?

शिमग्याहून तो परतला, तो सुरंगीच्या फुलांची वेणी घेऊन. पानाची पुडी टेबलावर ठेवली. खोलीभर मध सांडल्यासारखा वास.

"सगळ्यांसाठी आहे," तो म्हणाला.

"सगळ्यांत वेणी माळणारी मी एकटीच आहे रे!"

त्याचे कान लाल झाले.

त्या दिवशी गोळ्या सोडल्याला माझं वर्ष पुरं होत होतं. मी उठले. गळ्यातून सूर आला तो आजोबांचा.

"बा देवा म्हाराजाऽऽ… वर्षभर ह्या लेकरान गोळयेक हात लावूक नाय. फुडेय तेका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खिडक्या थरारल्या.

माझे डोळे भरून आले. पण थांबले असते, तर पुन्हा कधी बोलले नसते.

"आणि ह्या देवेशाक थोडी अक्कल दी रे… ह्या चेडवाचो जीव तेच्यार जडलो हा, ता तेका दिसांदे रे म्हाराजा!"

सगळे देवेशकडे बघत होते. तो किटली हातात धरून उभा.

"दिसत होतं गं," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. पण पहिल्या वर्षाचा नियम मलाही ठाऊक आहे ना… तुझं वर्ष पुरं व्हायची वाट बघत होतो."

मग त्याने किटली खाली ठेवली, हात जोडले, आणि एकटाच म्हणाला—

"व्हय म्हाराजा."