उष्ट्या हळदीखालचं नाक

घमापुरच्या त्या बोळात माझी स्कूटी आणि त्याची मोटारसायकल समोरासमोर आली, आणि मागे कोण घेणार यावरून आमचं पहिलं भांडण झालं.

"मॅडम, मी नवरदेवाचा भाऊ. त्याची उष्टी हळद नवरीकडे घेऊन चाललो. घ्या ना मागे."

"मी नवरीची मैत्रीण. आज मान आमचा. तुम्ही घ्या."

तो हसला... आणि घेऊ लागला मागे. एका हातात हळदीची वाटी, दुसऱ्या हातात हँडल. शेवटी वाटी मीच धरली.

त्याचं नाव आल्हाद. फॅक्टरीत नोकरीला.

"तुम्ही काय करता?"

"स्किनची डॉक्टर. मदन महलला क्लिनिक आहे."

"अच्छा... म्हणजे मघापासून माझ्या चेहऱ्याकडे बघून राहिल्या ते कामासाठी?"

"कामासाठीच," मी म्हणाले. साफ खोटं.

अंगणात नवरी, माझी समिधा, पाटावर बसली होती. बायकांनी गाणी म्हणत तिला उष्टी हळद माखली, नाकगाल सगळे पिवळेधम्मक. पण ती सारखी डोळे मिटून घेत होती.

"काय झालं गं?"

"नाक दुखून राहिलं, मैत्रेयी. खूप." मग माझ्या कानाशी लागली. "आज सकाळी सकाळीच एका पार्लरवालीकडून नाकात फिलरचं इंजेक्शन घेतलं. फोटोत नाक जरा धारदार दिसावं म्हणून..."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तू नको म्हटलं असतं ना."

म्हटलंच असतं. नाकाच्या रक्तवाहिन्या बारीक असतात आणि त्यांचं डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी नातं असतं. फिलर त्यांत शिरलं की रक्त अडतं. कातडी आधी पांढरी पडते, मग जांभळी, आणि वेळेवर उपाय झाला नाही तर काळी पडून मरते. समिधाची कातडी कुठल्या रंगाची होती, ते हळदीमुळे दिसतच नव्हतं.

"हळद धुवावी लागेल," मी म्हणाले.

गाणी थांबली. नवरदेवाची आत्या, राधाबाई, पुढे आल्या. "उष्टी हळद अशी लगेच धुतात का, पोरी? अपशकुन असते ते." समिधाच्या आईचा चेहरा उतरला. माझा अंदाज चुकला असता तर हे लग्न रुसव्याफुगव्यातच अडकलं असतं. भीती वाटत होती मला, खूप.

आल्हाद जवळ आला. हळूच म्हणाला, "पक्कं आहे तुमचं?"

"नाही. म्हणूनच बघायचंय."

 तो लगेच आत्याकडे वळला. "हळद आपल्या घरची आहे ना, आत्या? मी पुन्हा आणतो." आणि स्वतःच पाण्याचा तांब्या भरून आणला.

हळद उतरली. नाकाचा शेंडा पांढराफटक, बाजूला जांभळी जाळी. मी बोटानं दाबून सोडलं. रंग परत येईना.

"दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतंय?"

"दिसतंय."

निम्मा जीव भांड्यात पडला. बोळात कार येत नव्हती. समिधाला आल्हादनं मोटारसायकलवर मागे बसवलं, मी स्कूटीवर. "भैया, पीछे लो, डॉक्टर साहब को जाने दो," असं ओरडत त्यानं मला वाट करून दिली.

क्लिनिकमध्ये फिलर विरघळवणारं औषध नाकाभोवती टोचलं. गरम पट्टी, हलका मसाज, दाबून बघणं. पुन्हा औषध. आल्हाद दाराशी उभा. उन्हं कलली तेव्हा मी बोट उचललं आणि त्या पांढऱ्या जागी गुलाबी रंग सरसरून भरला.

"आला?" त्यानं विचारलं.

"आला." मी हसत होते आणि रडतही होते.

मी समिधाला घेऊन घमापुरला परतले, तर आल्हाद नवी वाटी घेऊन हजर. मी हळद फक्त पायांना लावू दिली. नाक मी उद्या सकाळी पुन्हा तपासणार होते. वाटीत थोडी उरली.

"उरलेली हळद बिनलग्नाच्यांना लावतात," आल्हाद म्हणाला. "तुम्हाला... लावू? मला आवडता तुम्ही. सकाळी बोळातच आवडल्या. वाटी उगाच नाही दिली तुमच्या हाती."

"मी पण सकाळी खोटं बोलले," मी म्हणाले. "कामासाठी बघत नव्हते."

मी गाल पुढे केला. त्यानं बोटभर हळद लावली.

मागे राधाबाई उभ्या होत्या. त्यांनी माझा गाल नीट निरखला.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "ही मात्र धुवायची नाही."