खालून आलेला होकार

डँडेनाँगच्या डोंगरात माणसांपेक्षा घरांनाच जास्त सर्दी होते, असं कार्मेना ताबोने म्हणायची. खोटं काय त्यात? थंडी सुरू झाली की सूर्य उंच झाडांच्या शेंड्यावरूनच परत जातो. खाली जमीन ओली, नेचे ओले, वाळत घातलेले कपडे चार दिवस ओले. घरं उतारावर, लाकडी खुंटांवर उभी. त्यांच्या पोटाखाली हीटरच्या रुपेरी नळ्या पसरलेल्या असतात आणि एकेका नळीचं तोंड वर एकेका खोलीच्या जमिनीत, लोखंडी जाळीखाली उघडतं. ओल त्या नळ्यांत शिरते, बुरशी धरते आणि मग हीटर लावला की घरभर कुबट वास सुटतो, पोरं खोकायला लागतात. असं झालं की लोक कार्मेनाला फोन करायचे.

धंदा बापाचा. नेनू ताबोने माल्टाहून आला, मोटारींच्या कारखान्यात राबला, तो बंद पडल्यावर एक व्हॅन आणि हवा खेचणारं यंत्र घेऊन डोंगर चढायला लागला. तो गेल्यावर कार्मेना आणि तिचा धाकटा भाऊ लिनो काम बघू लागले. कार्मेना वर, लिनो खाली. खाली म्हणजे घराच्या पोटाखाली, सरपटत. लिनो किडकिडीत. "आईने मला या कामासाठीच उपाशी ठेवलं," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि आईच्या शिव्या खायचा.

कामाची रीत ठरलेली. कार्मेनाने जाळी काढायची, नळीच्या तोंडाशी वाकून हाक मारायची. लिनोने खालून ती नळी चाचपून सांगायचं, ही स्वयंपाकघराची, ही बैठकीची. मग तिने त्या नळीत स्पंजाचं बूच घालायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. शेवटी एकच तोंड उघडं राहतं. तेवढ्यात लिनोने यंत्राचा जाडा पाइप हीटरपाशी जोडलेला असतो. तो बाजूला होतो, "कर सुरू" म्हणतो आणि मगच कार्मेना लांब वायरीचं बटण दाबते. खालून होकार आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, आणि होकार आला की उलट विचारत बसायचं नाही. खालच्या माणसाचा शब्द शेवटचा, असं नेनूने दोघांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं.

त्या सकाळी काम होतं ऑलिंडा गावाच्या खालच्या अंगाला, मिसेस प्रुइट नावाच्या म्हातारीकडे. लोकरीची टोपी, रबरी गमबूट, बोलणं मऊ.

"आधी मागची छोटी खोली करा हं," ती म्हणाली. "तिथे हल्ली अगदीच ऐकू येईनासं झालंय."

हीटरच्या पंख्याची घरघर म्हणत असेल, असं कार्मेनाला वाटलं. म्हाताऱ्या माणसांना कशाकशाची सवय होते. तिने मान डोलावली.

छोट्या खोलीत एकट्या माणसाची खाट होती, चादर ताठ. आरामखुर्ची मात्र खिडकीशी नव्हती. ती जाळीला अगदी चिकटून ठेवलेली होती, इतकी की जाळी काढायला आधी खुर्ची सरकवावी लागली.

"लिनो, ही कुठली?"

"मागची छोटी," खालून आवाज आला. "घाल बूच."

तिने बूच घातलं, उठली आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं. लिनो व्हॅनला टेकून पास्तित्सी, म्हणजे माल्टाच्या चीज भरलेल्या करंज्या, खात होता. आतलं चीज हनुवटीला लागलं होतं. तिने काचेवर टकटक केलं, खिडकी वर ढकलली.

"तू एवढ्यात वर कसा आलास रे?"

"वर? मी अजून खाली गेलोच नाही. आईने दिलेलं गार करू काय?"

"आत्ता बोललास ना तू! सकाळी सकाळी फाजीलपणा नकोय मला."

"आईशप्पथ, कार्मेना. तोंडात हे कोंबलेलं असताना बोलणार कसा?"

आता लिनोच्या शपथेला काडीची किंमत नव्हती. मागे एकदा त्याने एका घरात नळीतून हुंकार देऊन गिऱ्हाइकाचा जीव अर्धा केला होता. या वेळीही काहीतरी युक्ती लढवली असणार, मोबाईल-बिबाईल नळीत टाकला असणार. "कामाला लाग, गाढवा," ती म्हणाली. तो हसत, बोटं चाटत घराखाली शिरला. त्याचे गुडघे मातीवर घासल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला.

स्वयंपाकघर झालं. बैठकीची खोली झाली. म्हातारीची झोपायची खोली झाली. दर वेळी लिनोचं उत्तर बरोबर. बाहेर धुकं झाडांतून खाली उतरत होतं. कार्मेना बोळातल्या शेवटच्या तोंडाशी गुडघे टेकून बसली, बटण शेजारी.

"कार्मेना, इथे एक नळी जास्त आहे."

"खोल्या संपल्या. कुठली असणार?"

"खोलीत जातच नाही ही. टेकडीच्या बाजूला जातेय. मातीत शिरलीय सरळ."

"जुनी असेल, टाकून दिलेली. सोड."

"टाकून दिलेली असती तर गार असती ना. ही गरम आहे." नळीवर त्याची थाप वाजली. "हीटर बंद केलायस ना तू?"

"पहिलं काम तेच केलं."

"मग ही गरम कशी? थांब, बत्ती मारून बघतो."

ती थांबली. दरीत कुठेतरी कुकाबरा पक्षी हसला आणि मध्येच गप्प झाला. मिसेस प्रुइट बोळाच्या टोकाला, हात छातीशी धरून उभी होती.

"कर सुरू," लिनो म्हणाला.

आवाज स्वच्छ होता, अगदी नळीच्या तोंडाशी आल्यासारखा. कार्मेनाने बटण दाबलं.

यंत्राने हवा खेचायला सुरुवात केली. नेहमी आधी पाइप दोन हिसके देतो, मग कचरा खडखडत येतो. या वेळी काही आलं नाही. यंत्राचा आवाज बारीक होत होत शिट्टीसारखा झाला. पाइपच्या तोंडावर काही बसलं की असा होतो. तिने झटकन बटण सोडलं.

"लिनो? काय अडकलं?"

"काही नाही. कर सुरू."

"पाइप बघ आधी."

"कर सुरू," तो पुन्हा म्हणाला. आणि लगेच स्वयंपाकघरातून, बुचाच्या आडून, दबलेला तोच आवाज आला, "कर सुरू." मग मागच्या छोट्या खोलीतून.

कार्मेना धावत बाहेर गेली आणि घराखाली शिरली. बत्ती मातीत पडून जळत होती. शेजारी लिनोची गुडघ्याला बांधायची गादी, पट्टे अजून बांधलेले. लिनो नव्हता. सगळ्या नळ्या आपापल्या खोलीला वर गेलेल्या, माणूस मावणार नाही इतक्या अरुंद. टेकडीच्या बाजूला कुठलीही नळी नव्हती. तिथे नुसता ओल्या मातीचा उतार होता, हाताने लिंपल्यासारखा गुळगुळीत.

तिने नखांनी ती माती उकरली. आत माती आणि मुळं, बाकी काही नाही.

पोलीस आले, अग्निशमन दलाची माणसं आली. तरुण पोलिसाने बोळात उभं राहून लिनोचा आवाज ऐकला आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "लायरबर्ड असेल," तो म्हणाला. "हे पक्षी करवतीची नक्कल करतात, मोटारीच्या भोंग्याची करतात. एखादा खाली शिरला असेल."

"पक्षी माझं नाव घेईल?" कार्मेना ओरडली. "कसला पक्षी! माझा भाऊ आहे तो!"

"अगं, वर काय गोंधळ चाललाय?" नळीतून लिनो म्हणाला. "आलोच दहा मिनिटांत."

पोलिसाने टोपी परत घातली. पक्ष्याचं नाव मग कोणी काढलं नाही.

अग्निशमनवाल्यांचा मुख्य होता कॉस्टा नावाचा भला माणूस. त्याने नळ्या कापायला घेतल्या. पहिली स्वयंपाकघराची. उभी चिरली, उलगडली. आत बुरशी आणि उंदरांची लेंडकं. त्यानंतर स्वयंपाकघरातून आवाज यायचा बंद झाला. मग बैठकीची चिरली. तिथूनही बंद. कार्मेनाला ते कळायला वेळ लागला. ज्या नळीला सुरी लागत होती, तिथला लिनो गप्प होत होता.

"थांबा!" ती किंचाळली. पण तोवर बोळातली नळीही दोन तुकड्यांत पडली होती. राहिली फक्त मागची छोटी खोली.

कॉस्टाने त्या नळीत कॅमेरा सोडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. कॅमेरा आत असतानाच लिनो म्हणाला, "डोळ्यांवर उजेड कोण मारतंय?" कॉस्टाने कॅमेरा ओढून घेतला आणि बराच वेळ तो पुसत बसला.

"बाई, कापल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही," तो हळू म्हणाला.

"कापून तो मिळेल?"

कॉस्टाने हातातल्या सुरीकडे पाहिलं.

"कापू देऊ नका," मिसेस प्रुइट मागून म्हणाली. "आमचे हे, व्हर्नन, असेच खाली गेले, मग बैठकीच्या खोलीत जास्त बोलायचे. मी तिकडची नळी नवी करून घेतली. तेव्हापासून तिथे एक शब्द नाही."

कार्मेनाने वळून तिचे दोन्ही खांदे धरले. "तुम्हाला माहीत होतं! माहीत असून आम्हाला बोलावलंत?"

"नळी साफ करायचा ब्रश वरूनच घालतात असं मला वाटलं गं," म्हातारी म्हणाली. "त्यांचं बोलणं ओलीने पार दबून गेलं होतं. मला फक्त नीट ऐकू यायला हवं होतं. तुझा भाऊ खाली जाणार, हे मला कोणीच सांगितलं नाही."

कार्मेनाने तिचे खांदे सोडले. ती छोट्या खोलीत गेली आणि नळीच्या तोंडाशी बसली. तिला तिथून कोणी उठवू शकलं नाही. धुकं दाट झाल्यावर माणसं जंगलात शोधायला म्हणून निघून गेली. त्यांनाही बाहेर जायला काहीतरी कारण हवं होतं.

पुढे ती रोज येऊ लागली. व्हॅन अंगणात उभी करायची, आरामखुर्चीत बसायची. मिसेस प्रुइट चहा आणून ठेवायची आणि दाराशी विणत बसायची. दोघींत बोलणं फारसं नव्हतं. एकीचा राग मावळला नव्हता आणि दुसरीने माफी मागायचं सोडून दिलं होतं.

लिनोसाठी ती सकाळ संपलीच नव्हती. "दोन पास्तित्सी ठेव माझ्यासाठी," तो म्हणायचा. "आईला सांग, जेवायला घरी आहे." कार्मेना हो म्हणायची. आईला काय सांगायचं हे तिला अजून सुचलं नव्हतं. आई फोनवर विचारायची आणि ही दुसरंच काहीतरी बोलायची. ती त्याला विचारायची, कुठे आहेस, काय दिसतंय. तो म्हणायचा, "खालीच की. इथे एक म्हातारा आहे, सारखी वाट विचारतो. बरा आहे स्वभावाने."

दारातल्या विणायच्या सुया थांबायच्या. "माझं काही विचारतात का ते?" मिसेस प्रुइट म्हणायची. लिनो तेवढ्यात पुन्हा पास्तित्सीचं काढायचा.

जुलैत पावसाने नुसता कहर केला. नळीत ओल चढली, बुरशीचे काळे ठिपके तोंडापर्यंत आले, आणि लिनोचा आवाज लोकरीच्या आडून यावा तसा यायला लागला. कार्मेना बसल्या बसल्या रडायची. अशी नळी कशी साफ करायची हे या डोंगरात तिच्याइतकं कोणाला येत नव्हतं. यंत्र अंगणात होतं, बटण खिशात होतं. आणि तिची ते काढायची छाती होत नव्हती. एकदा तिने नुसत्या फडक्याने नळीचं तोंड पुसलं, तर आतून तो कळवळून ओरडला. त्यानंतर तिने फडकंही लावलं नाही.

मग ती बोलत राहायची. ती बोलली की तो बोलायचा. ती गप्प बसली तर तोही कायमचा गप्प होईल, अशी तिला धास्ती होती. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चहाड्या सांगायची, बापाच्या जुन्या गोष्टी सांगायची, भाव वाढलेत म्हणून सरकारला शिव्या द्यायची. घसा बसला तरी बोलायची.

ऑगस्टमधल्या एका दुपारी तिने नेहमीसारखी हाक मारली.

"लिनो, ऐकतोयस ना?"

उत्तर नाही.

"लिनो! अरे, बोल काहीतरी. शिवी दे हवं तर."

ती जमिनीवर आडवी झाली, कान नळीच्या तोंडाला लावला. आत कुणीतरी सरपटत होतं. एक नाही, दोन.

"वरून कोण गं हाका मारतंय एवढ्या?" लिनोचा आवाज आला. तो तिच्याशी बोलत नव्हता.

"मी!" कार्मेना ओरडली. "मी आहे रे, कार्मेना!"

"कोणी नाही," खालून एक बाई म्हणाली. "मारू दे हाका. तू माझ्या मागोमाग ये."

"बरं," लिनो म्हणाला, आणि गुडघे मातीवर घासत घासत लांब गेले.

त्या बाईचा आवाज कार्मेनाचाच होता. थोडा घोगरा, तिचा आज सकाळपासून झाला होता तसाच.