गुळगुळीत केलेला डोंगर

कारवीवाडीमागचा डोंगर रोज सकाळी आठला ऋजुता दाभाडेच्या टेबलावर उतरत असे. ड्रोन दर पाच मीटरवर त्याची उंची मोजायचे, संगणक ते बिंदू जोडून चौकोनांची जाळी विणायचा आणि तिचा चहा संपायच्या आत पडद्यावर डोंगराची प्रतिकृती उभी राहायची. दरड सुटण्याची चिन्हं दिसली की वाडीतला भोंगा आपोआप वाजे.

पहिल्या वर्षी तो नको तितका वाजला. जाळीच्या टोकदार कोपऱ्यांनाच यंत्रणा भेगा समजायची. तीनदा माणसं पोरंबाळं घेऊन शाळेत जाऊन राहिली, तीनदा काहीच झालं नाही. चौथ्यांदा कुणी हललंच नाही. तेव्हा ऋजुताने उपविभाजन लावलं: प्रत्येक चौकोनाचे चार, त्या चारांचे सोळा, आणि दर फेरीला प्रत्येक कोपरा शेजाऱ्यांच्या सरासरीकडे थोडा ओढायचा. चार फेऱ्यांत डोंगर लोण्यासारखा झाला. भोंगा गप्प बसला. खात्यातले साहेब खूश झाले आणि हीच पद्धत चारशे वाड्यांना लागू झाली.

त्या मंगळवारी वाडीतून चांगुणा उघडेचा फोन आला. ती डोंगरावर शेरडं चारायची.

"ताई, डोंगराला पायरी पडलीय. परवा गुडघ्याएवढी व्हती, आज मांडीला लागते."

"मावशी, इथे तर काहीच दिसत नाही."

"मंग तुमी बघता तरी काय?"

ऋजुताला आधी राग आला, मग भीती वाटली. तिने चारही फेऱ्या काढून मूळ बिंदू उघडले. ओळीने बारा बिंदू दीड-दोन फूट खचले होते. ड्रोनने चोख मोजलं होतं. ती पायरी साध्या उतारात तिनेच बुजवली होती. तिने त्या ओळीवर 'धार राखा' अशी खूण केली. आता कितीही फेऱ्या झाल्या तरी ती कड ओढली जाणार नव्हती. पडद्यावरचा डोंगर दुभंगला आणि वाडीत भोंगा वाजला.

"कुनी उठत नाय," चांगुणा फोनवरून म्हणाली. "खोटा भोंगा म्हन्तात."

"फोन स्पीकरवर ठेवा, मावशी. चूक माझी आहे. मीच सांगते त्यांना."

तिने सगळं सांगितलं, लाज न बाळगता. दुपारपर्यंत एकेचाळीस घरं रिकामी झाली. साडेचारला दरड आली आणि त्यातली छत्तीस घेऊन गेली. माणूस एकही गेला नाही.

ऋजुता खुर्चीतच बसून राहिली. समोर उरलेले तीनशे नव्व्याण्णव डोंगर होते, सगळे सुरेख. फेऱ्या काढल्या तर तितके भोंगे एकदम वाजले असते, आणि खरा कोणता हे कुणालाच कळलं नसतं. तेवढ्यात शाळेच्या पडवीतून चांगुणाचा फोन आला. मागे पोरं रडत होती.

"ताई, मी शेरडं घेऊन वर गेले म्हनून पायरी दिसली. बाकीच्या डोंगरांवर आज कोन गेलं व्हतं?"