थंड कोपरा

एका सरड्याच्या अंथरुणापायी डोरीन हॅस्केट मेटाकुटीला आली होती. टोलेडोत तिने चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली, पण कधी एका मिलिग्रॅमची चूक केली नाही. आणि आता हा पिकल, हातभर लांबीचा दाढीवाला सरडा, तिच्या नाकी नऊ आणत होता.

पिकल तिच्या मुलीचा, कोरीनचा. सहा महिन्यांसाठी जहाजावर नोकरीला जाताना कोरीनने त्याची काचपेटी आईकडे आणून ठेवली होती.

"आई, तुझ्याकडे काही जगत नाही. निवडुंगसुद्धा मारलंस तू. जमणार नसेल तर आत्ताच सांग, दुसऱ्या कुणाला देते."

"जमेल गं," डोरीन म्हणाली होती. टोमणा मात्र जिव्हारी लागला होता. पिकलला काही झालं, तर कोरीन पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पेटीच्या एका टोकाला दिवा आणि त्याखाली शेकायला दगड. दुसरं टोक थंड. शेकल्याशिवाय सरड्याला अन्न पचत नाही. पण हा शहाणा दिव्याकडे पाठ करून थंड कोपऱ्यात पडून राहायचा आणि किड्यांना तोंड लावायचा नाही.

"अंथरूण आवडत नसेल," पाळीव प्राण्यांच्या दुकानातला गस म्हणाला. "ही वाळू घ्या बाई. कॅल्शियमची आहे, पोटात गेली तरी विरघळते."

प्राण्यांचे डॉक्टर योडर मात्र कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "वाळू? आतड्यात सिमेंट होतं तिचं! औषधवाल्या ना तुम्ही? आणि पाकिटावरचं वाचून फसलात?"

वाळू गेली, नारळाचा भुसा आला. त्याची धूळ उडायला लागली म्हणून कागदी टॉवेल अंथरले. शेवटी वैतागून तिने मापात कापलेली फरशी बसवून घेतली. वाळूत, भुशात थंड कोपऱ्यात तळहाताएवढा खळगा पडायचा. पिकलने उकरला असेल, असं तिने धरलं. पण कागदही तेवढाच दबलेला असायचा. फरशीवर खळगा पडणं शक्यच नव्हतं. तरी पिकल तिथे अंग मुडपून पडायचा, कुणी ओंजळीत धरल्यासारखा.

एका दुपारी ती बंदुकीसारखा तापमापक घेऊन बसली; ठिपका पडेल तिथलं तापमान तो फॅरनहाइटमध्ये दाखवायचा. लाल ठिपका दगडावर: शंभर. फरशीच्या मध्यावर: अडुसष्ट, खोलीइतकंच. थंड कोपऱ्यात: अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.

हा आकडा तिने जन्मभर लोकांना सांगितला होता. ताप नाही, घाबरू नका.

तिने पिकलला उचललं. उघड्या फरशीवर तोच आकडा. दिव्याची वायर काढून तासभर थांबली. दगड निवला. कोपरा निवला नाही.

"तुमचा तापमापक बिघडलाय," योडर फोनवर म्हणाले. "बर्फाच्या पाण्यावर धरून बघा."

बर्फाच्या पाण्यावर बरोबर बत्तीस आलं, म्हणजे तापमापक ठीक होता.

"खड्ड्यात गेली ही पेटी!" डोरीन मोठ्याने ओरडली. तिने चार फुटी लाकडी घर मागवलं, ते पुढच्या खोलीत मांडलं, दिवा आणि दगड त्यात हलवले, आणि जुनी पेटी रस्त्यावर नेऊन ठेवली. नव्या घरात पिकलची दाढी काळी पडली. दोन दिवस तो हललासुद्धा नाही. ती त्याच्याजवळ बसून रडली. कोरीनला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवू लागली.

तिसऱ्या दिवशी तो थंड कोपऱ्यात जाऊन मुडपून पडला. ठिपक्याने तोच आकडा दाखवला. संध्याकाळपर्यंत त्याने अकरा किडे खाल्ले.

मग तिने विचारणं सोडून दिलं. तो खातोय ना, बस्स. दिवा बंदच ठेवला. महिन्याभरात पिकल चाळीस ग्रॅमने वाढला.

मार्चमध्ये कोरीनने फोनच्या पडद्यावर त्याला पाहिलं आणि ती हसली. "आई, काय गुबगुबीत झालाय गं! कमाल केलीस तू. आले ना, की आधी तुझ्याकडेच राहणार आहे."

डोरीनचे डोळे भरून आले. फोन ठेवून तिने रोजच्यासारखा ठिपका पिकलवर टाकला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. पिकल निवांत डोळे मिटून पडला होता.

तापमापक खाली ठेवताना ठिपका तिच्या डाव्या हातावर गेला.

अडुसष्ट.

खोलीइतकंच. तिने पुन्हा दाबलं. मनगट. मग कोपर.

अडुसष्ट.

ती कोरीनला फोन लावणार होती. लावला नाही.

आखडत चाललेल्या बोटांनी तिने दिव्याची वायर परत जोडली, दगडावरची धूळ पुसली आणि दोन्ही हात दिव्याखाली धरून बसली. बऱ्याच वेळाने बोटं हलायला लागली.