पवळीची बादली

"हर्षा, धाव! नत्थूजी टेम्पो घेऊन आले!" निकेश अंगणातूनच ओरडला.

हर्षा घरातून गोठ्याकडे धावली. दिवाळीच्या सुट्टीत ती नाचणगावला मामाकडे आली, तेव्हापासून तिचा आणि मामेभाऊ निकेशचा मुक्काम गोठ्यातच होता. आणि आज पवळी गाय नत्थूजी व्यापाऱ्याला विकली जाणार होती! का, तर चार दिवस ती पान्हाच सोडत नव्हती.

"डॉक्टर म्हणते दुखणं नाई. सरकीची ढेपही खाते. मंग काऊन अडून बसली?" कांतामामी डोळे पुसत म्हणाली.

"सोंग करून राह्यली!" प्रफुलमामाने हातातली निळी प्लास्टिकची बादली आपटली.

हर्षाची नजर बादलीवर खिळली. "मामा, ही नवी कधी आणली?"

"झाले चार दिवस."

चार दिवस! "आणि जुनी लोखंडी?"

"पोचे पडलेली? शेतात टाकली, मोटारीपाशी."

"मामी, वासरू लहान होतं तेव्हा दूध कसं काढायचीस?"

"बादली आणली, कडी वाजली, का मी वासरू सोडत होती. ते लुचलं का पवळी पान्हवे. आता वासरू पेत नाई, तरी बादली वाजली का दूध उतरे."

हर्षा उडालीच! "निकेश, मधल्या सुट्टीत तोंडाला पाणी कधी सुटतं? डबा उघडल्यावर?"

"हट्! घंटा झाल्याबरोबर!"

"मग पवळीची घंटाच मामानं शेतात टाकली! मामी, नत्थूजींना चहा दे. आलं किसून, अगदी सावकाश!"

"अबे, कुठं पळून राह्यले?" मामा ओरडेपर्यंत दोघं शेताकडच्या पांदणीत पोहोचले होते.

धापा टाकत परतले, तर पवळी टेम्पोच्या फळीपाशी उभी! हर्षाने लोखंडी बादली जोरात हलवली. खण्! खण्!

पवळीने कान टवकारले. ती गर्रकन वळली आणि वासरू बांधायच्या कोपऱ्याकडे बघत हंबरली. मामीने बादली विसळली, सडांना नुसता हात लावला आणि धार लागली! सर्र... सर्र...

"प्रफुलभाऊ, हिले मी कशाले नेऊ?" नत्थूजी हसत सुटले. "अशा पोरी पाहिजे घरात!"

मामाने ओशाळून कान पकडले. "पोट्टे हो, तुमच्यानं गाय वाचली. मीच येडा!"

धारा काढून झाल्या. मामाने बादली धुतली आणि जपून खुंटीला अडकवली. तरी कडी खणकलीच. पवळीने पुन्हा मान वळवली.

"हळू ना!" मामी हसली. "पुन्हा मलेच धार काढाले बसाव लागन!"