तेहतीस अंशांवर ठेवलेला माणूस

दुपारी दोनला रेणूनं ड्यूटी घेतली, तेव्हा वाशिमच्या त्या छोट्या दवाखान्याच्या आयसीयूत एकच पेशंट होता. शेलूबाजारकडचे शालिकराम. भाजीपाला पिकवणारा माणूस. काल वांगी तोडता तोडता त्यांचं हृदय बंद पडलं आणि अँब्युलन्समध्ये पुन्हा सुरू झालं. मेंदू वाचावा म्हणून डॉक्टरांनी त्यांना गुंगीत ठेवून, गार पाणी फिरणाऱ्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून तेहतीस अंशांवर आणलं होतं.

त्यांच्या बायकोला, कस्तुराबाईंना, दहा मिनिटं आत सोडलं. बाई रडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या पाठीखाली कोपरापर्यंत हात सरकवला.

"सिस्टर, हे आतून तापून राह्यले."

"मावशी, मशीन तेहतीसच दाखवते. ताप नाही त्यांना."

"मेथीचा ढीग ओल्या पोत्याखाली वरून गारच लागते व माय. सडला का नाई, ते मधात हात घातल्यावरच समजते. डावं अंग पाहा."

रेणूला हसू आलं. नर्सिंगची चार वर्षं काय उगाच घालवली होती? पण बाई गेल्यावर त्या बंद, गार खोलीत वास आला. सडक्या मेथीचा. तिनं ब्लँकेटच्या पाण्याचा आकडा पाहिला. सकाळी अठरा अंशांवर असलेलं पाणी, अंग तेहतीसवर टिकवण्यासाठी मशीननं सहावर उतरवलं होतं. शरीर ताप आणू पाहत होतं आणि मशीन तो गुपचूप गिळत होतं.

एक्स-रेत डाव्या फुप्फुसात न्यूमोनिया निघाला. अँटिबायोटिक सुरू झालं. रेणूला स्वतःची लाज वाटली. आपण आकडे वाचत बसलो, आणि माणसाला हात लावला तो या बाईनं.

मग त्यांना हळूहळू ऊब दिली. चौथ्या दिवशी दुपारी, घशातली नळी काढल्यावर, शालिकरामांनी डोळे उघडले. कस्तुराबाई तेव्हा कुठे रडल्या. रडता रडताच त्यांनी पुन्हा पाठीखाली हात घातला... आणि थांबल्या.

"आता कसं लागतं, मावशी?"

"गार नाई... गरमही नाई..." त्या पुटपुटल्या. "आत काईच लागून नाई राह्यलं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून रुचिका, त्यांची मुलगी. कस्तुराबाईंनी स्पीकर लावला.

"आई... हळू बोल. बाबा घरी आले. वांग्याच्या वाफ्यात बसून हायेत, कुडकुडत. मनतात... तिथं जो उठला, त्याले घरी आणू नका."

पलंगावरच्या माणसानं फोनसाठी हात पुढे केला.