उन्हाच्या आतली बाई

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अभिमन रावेरच्या एका लग्नाची हार्ड डिस्क माझ्याकडे देऊन गेला. तो शूटिंग करतो, मी एडिटिंग. देवपुरात शेवंताबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर मी एकटी राहते. सकाळी नऊला कॉम्प्युटरसमोर बसते. खानदेशातली शेकडो घरं मला आतून माहीत आहेत. कुणाची आत्या रुसते, कुणाचा मामा नाचतो, तेही सांगेन. त्यांच्यापैकी एकाही घरात मला कुणी ओळखत नाही.

लग्न रावेरच्या चुडामण नानांच्या मुलीचं, कामिनीचं होतं. हळद केळीच्या बागेत, भर दुपारी. उन्हानं कॅमेरा तापून बंद पडला, म्हणून अभिमननं हळद आपल्या मोबाइलवर घेतली होती. ती माझ्या प्रोजेक्टमध्ये टाकली, तर आकाश पांढरंफटक, मांडवाचं कापड पांढरं, नवरीच्या कपाळावरही पांढरा डाग.

मला याचं नवल नव्हतं. मोबाइल एचडीआरमध्ये शूट करतो, म्हणजे उजेडाच्या कितीतरी जास्त पायऱ्या टिपतो. माझा प्रोजेक्ट साध्या टीव्हीच्या रंगांचा होता. शेराच्या मापात पायलीभर धान्य ओतलं की वरचं सांडणारच. उजेड निटमध्ये मोजतात. साधा टीव्ही शंभर निट धरून चालतो, मोबाइलनं हजारापर्यंत टिपलं होतं. शंभराच्या वरचं सगळं पांढरं झालं होतं.

गेल्या वर्षी घेतलेला एचडीआर मॉनिटर मी सुरू केला. प्रोजेक्टची कलर स्पेस बदलली, आउटपुट एचडीआरवर नेलं.

आकाश निळं झालं. केळीच्या पानांच्या शिरा दिसू लागल्या. मांडवाच्या मागे जिथे नुसता पांढरा पट्टा होता, तिथे केळीची रांग उघडली. आणि रांगेच्या टोकाला एक बाई पाठमोरी उभी होती. केस मोकळे, कमरेपर्यंत.

असेल कुणी पाहुणी, असं म्हणून मी पुढे गेले.

दुसरा तुकडा वीस मिनिटांनंतरचा, बागेतल्या घराच्या ओट्यावरचा. दारातून बाहेरचं ऊन भगभगत होतं. त्या उन्हात ती उभी होती. या वेळी तिचा कान दिसत होता.

तिसऱ्यात विहिरीकडची वाट. उन्हाच्या लखलखाटात तीच. आता गालाची कड दिसत होती.

मी आउटपुट परत साध्या रंगांवर आणलं. पांढरं. एचडीआर केलं. ती.

मग मी टोन मॅपिंग लावलं. त्यात जास्तीचा उजेड दाबून खालच्या मापात बसवतात, काहीही सांडत नाही. आकाश आलं, पानं आली, रांग आली. ती आली नाही. उजेडाचा आलेख उघडला. एचडीआरमध्ये तिच्या जागी रेषेला स्पष्ट खळगा होता, टोन मॅपिंग लावताच रेष सपाट. आठ वर्षं हे काम करते आहे. असं होत नाही.

चुडामण नानांना फोन लावला.

"नाना, हळदीला मोकळ्या केसांची कुणी बाई होती का? मांडवाच्या मागे?"

 मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"हयदीले मोकये केस सोडून कोन येईन वो ताई?" मग आवाज खाली गेला. "तुमी साध्या रंगातच द्या. आमाले जास्तीचं काई नको."

दुसऱ्या दिवशी अभिमनला बोलावलं. मूळ क्लिप त्यानं मोबाइलमधून केव्हाच काढून टाकल्या होत्या. माझ्या मॉनिटरवर त्यानं पहिला तुकडा पाहिला, मग खुर्ची मागे सरकवली.

"मी तठेच उभा व्हतू, ताई. तठे कोनी नव्हतं." त्यानं पाणी मागितलं आणि तांब्या तसाच हातात धरून बसला. "हाई सेटिंग बंद करी टाक."

व्हिडिओ मी साध्या रंगात दिला. सासरी साक्रीला गेलेल्या कामिनीनं फोन करून सांगितलं, फार छान झालाय. काम संपलं.

मी मात्र रोज दुपारी तो प्रोजेक्ट उघडत राहिले. कारण विचारलं तर सांगायला लाज वाटते. हळदीला जमलेल्या त्या तीनशे माणसांत कुणाशी बोलत नसलेली, कुणी न बोलावलेली ती एकटीच होती. मी जेवणाचं ताट तिथेच आणू लागले. शेवटच्या तुकड्यात, हळद आटोपून नवरी गाडीत बसते त्यात, गाडीच्या काचेवरच्या उन्हाच्या तिरिपीत ती उभी होती. जवळजवळ वळलेली. अजून जराशी वळली असती तर डोळे दिसले असते. तुकडा तिथे संपत होता.

एका दुपारी घास हातात असताना मी तिला म्हणाले, "एकटी काय उभी राहतेस? ये ना इकडे."

माझाच आवाज मला परका वाटला. दिवसभरात मी काढलेला तो पहिला शब्द होता.

दुसऱ्या दिवशी ती नव्हती.

पहिल्या तुकड्यात केळीची रांग होती, टोक रिकामं. ओटा रिकामा. वाट रिकामी. गाडीच्या काचेवर नुसतं आकाश. दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली प्रत काढली. त्यातही नाही. आलेखाची रेष कुठेही खचलेली नव्हती.

मला हायसं वाटायला हवं होतं. मी रडले.

चार दिवसांनी, संध्याकाळी, शेवंताबाई वर आल्या. त्यांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आमच्या गच्चीवर वाळत असतात. दुपारी राखायला त्याच बसतात.

"तुना घर पाव्हनी उनी का व?"

"नाही, अक्का. कोण?"

"मंग रोज दुपारले गच्चीवर कोन उभी ऱ्हास? मोकळा केस सोडीसन, पाठ करीसन. आज मी हाक मारी. तं वळनी."

मी दाराची कडी धरली.

"कशी आहे दिसायला?"

"काय सांगू, माय. तोंडाकडे दखाताच डोळा मिटाई गयात." त्या हसल्या. "तवयपाईन बठ्ठं पांढरंच दिखस."

तेव्हापासून सगळं पांढरं. मग माझ्या लक्षात आलं, की इतका वेळ त्या माझ्याकडे बघून बोलत नव्हत्या. माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघून बोलत होत्या.

"जरा पडस खाले जाईसन," असं म्हणून त्या वळल्या, आणि हातानं भिंत चाचपत, एकेक पायरी पायानं शोधत जिना उतरू लागल्या.